घरच्या ॲक्वापोनिक्सचा राफ्ट कशाचा करावा: थर्माकोल, सनबोर्ड, प्लाय आणि वरचा रंग

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर भाजी वाढवणं, आणि राफ्ट म्हणजे त्या पाण्यावर तरंगणारा, भोकांत रोपं धरणारा तराफा. प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला टेरेस असलेल्या फ्लॅटमध्ये ५०० लिटरची माशांची टाकी आहे आणि शेजारी ६ फूट × २ फूट मापाची, ९ इंच पाणी असलेली राफ्टची टाकी आहे. राफ्टसाठी माळ्यावर पडलेला गणपतीच्या मखराचा जुना थर्माकोल वापरला आहे. ऊन लागू नये म्हणून त्यावर घराच्या बाहेरच्या भिंतींसाठी आणून उरलेला पांढरा रंग लावला आहे. राफ्टच्या टाकीत सहा कोई मासे सोडले आहेत आणि ते तराफ्याच्या कडा कुरतडतात. विचारलं आहे ते हे: थर्माकोल विषारी आहे का, त्याऐवजी सनबोर्ड किंवा मरीन प्लाय चालेल का, आणि रंग लावलेला चालतो का?

आधी तातडीचं सांगतो. तो राफ्ट आजच बाहेर काढा. त्यातला थर्माकोल ही दुसऱ्या क्रमांकाची काळजी आहे, पहिली काळजी रंगाची. आपल्याकडच्या पावसात भिंतीवर शेवाळं आणि काळी बुरशी धरू नये म्हणून बाहेरच्या भिंतीच्या रंगात शेवाळनाशक आणि बुरशीनाशक मिसळलेलं असतं. डब्यावर ते अभिमानाने छापलेलंही असतं. ही द्रव्यं पाऊस पडेल तशी हळूहळू सुटत राहावीत अशीच त्यांची रचना असते. म्हणजे तुमच्या टाकीत ती चोवीस तास सुटत राहतात, आणि ज्या पाण्यात जिवाणू, मुळं आणि मासे तिन्ही जगवायचे आहेत तिथे हा रंग म्हणजे सावकाश दिलेलं औषध. त्यातली काही द्रव्यं शेतात तणनाशक आणि बुरशीनाशक म्हणूनच वापरली जातात आणि झाड ती मुळांतून वर ओढतं. त्यामुळे सध्या त्या राफ्टवर असलेली भाजी खाऊ नका.

आता मूळ मुद्दा. राफ्टसाठी सामान निवडताना बहुतेक जण विचारतात, ‘हे प्लॅस्टिक सेफ आहे का?’ प्रश्न तिथून सुरू केला की उत्तर चुकतं. पॉलिस्टायरीन, पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन ही मूळ प्लॅस्टिकं पाण्यात जवळजवळ काहीच सोडत नाहीत. या तिन्हींच्या अन्नाशी येणाऱ्या संपर्कासाठी भारतीय मानकं आहेत: पॉलिस्टायरीनसाठी आयएस १०१४२, पॉलिथिलीनसाठी आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१०. त्रास होतो तो तीन गोष्टींचा: त्यात काय मिसळलंय, त्यावर काय लावलंय, आणि ते आधी कुठे वापरलं होतं. एकच पांढरी शीट माशांच्या खोक्यासाठी बनवली असेल तर चालते, इमारतीच्या इन्सुलेशनसाठी बनवली असेल तर चौकशी करावी लागते, आणि मखरासाठी रंगवली असेल तर टाकून द्यावी लागते.

थर्माकोलचंच घेऊ. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, वाफेने फुगवून एकमेकांना चिकटवलेले मणी. पॉलिस्टायरीनचे राफ्ट ही काही आपली गच्चीवरची शक्कल नाही. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात डॉ. जेम्स रॅकोसी यांनी उभ्या केलेल्या, जगभर नमुना मानल्या गेलेल्या राफ्ट पद्धतीत पॉलिस्टायरीनच्याच शीट तरंगत होत्या. पण तिथे मासे वेगळ्या टाकीत होते आणि राफ्टखाली फक्त मुळं होती. ही अट आपल्याकडे सोयीस्करपणे विसरली जाते.

आपल्या बाजारात मिळणाऱ्या थर्माकोलमध्ये दोन फरक बघायचे. पहिला घनतेचा. पॅकिंगचा स्वस्त थर्माकोल घनमीटरला ८ ते १० किलोचा असतो. राफ्टसाठी किमान २० हवा. दुकानदार काहीही सांगो, वजनकाटा खोटं बोलत नाही. १ मीटर × अर्धा मीटर × ५० मिमी शीट म्हणजे २५ लिटर घनफळ. ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५०० ग्रॅमच्या आसपास भरली तर घनता २०, ३७५ भरली तर १५, आणि २५० भरली तर ती परत द्या. हलक्या शीटमध्ये मण्यांची पकड कच्ची असते. शीटचा एक कोपरा हाताने मोडून बघा. चांगल्या शीटमध्ये मोड मण्यांच्या मधून जातो, म्हणजे अर्धे चिरलेले मणी दिसतात. हलक्या शीटमध्ये मणी अख्खेच्या अख्खे सुटतात, साबुदाण्यासारखे बोटांना चिकटतात. असे मणी सुटणारी शीट टाकीत गेली की मुळं मण्यांच्या फटीत शिरतात, पीक काढताना मुळांबरोबर मणी उपटले जातात, आणि तीन-चार पिकांत भोक रोपाच्या जाळीदार कपापेक्षा (नेट कप) मोठं होतं.

दुसरा फरक आगरोधकाचा. थर्माकोलच्या इन्सुलेशन शीटसाठी आयएस ४६७१ हे मानक आहे आणि त्यात दोन प्रकार आहेत: टाईप एन म्हणजे साधा आणि टाईप एसई म्हणजे आपोआप विझणारा. एसईमध्ये आगरोधक रसायन असतं. वर्षानुवर्षं त्यासाठी एचबीसीडी नावाचं ब्रोमीनयुक्त द्रव्य वापरलं गेलं. ते जलचरांना घातक आहे, शरीरात साठत जातं, आणि निसर्गात लवकर मोडत नाही. म्हणून २०१३ साली ते अशा टिकाऊ प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. भारतातही २०१८ च्या दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषकांच्या नियमांनी त्याच्या उत्पादन, व्यापार आणि वापरावर बंदी आणली. हे द्रव्य प्लॅस्टिकला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. पाण्यात ते अगदी नगण्य विरघळतं, त्यामुळे ‘पाण्यात उतरणार नाही, मग काय बिघडलं?’ असं वाटू शकतं. बिघडतं ते असं की मासा तुकडा गिळतो. कोई, गोल्डफिश, तिलापिया हे सगळे टोचून बघणारे मासे. शेवाळं खाण्यासाठी ते राफ्टची कड खरवडतात आणि शेवाळ्याबरोबर फोमचा कण पोटात जातो. तुमचे मासे नेमकं हेच करताहेत.

म्हणून विकत घेताना ‘नॉर्मल, टाईप एन, घनता २० किंवा जास्त’ असं स्पष्ट मागा, आणि इमारत पाडल्यावर किंवा कोल्ड स्टोरेज मोडल्यावर भंगारात आलेली इन्सुलेशन शीट फुकट मिळाली तरी घेऊ नका. जुना माल म्हणजे जुनं रसायन.

साध्या थर्माकोलचा एक चांगला स्रोत आपल्याकडे हाताशी आहे: मासळीचे बर्फाचे खोके. ते अन्नासाठीच बनवलेले असतात, भिंत जाड असते आणि घनता बरी असते. शक्यतो नवीनच घ्या. वापरलेला घेतला तर माशांचे रोग बरोबर येऊ शकतात, म्हणून आधी साबणाशिवाय घासा, मग १० लिटर पाण्यात १०० मिली साधं, सुवास नसलेलं घरगुती ब्लीच घालून अर्धा तास बुडवून ठेवा, धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. झाकण हा तयार राफ्टच असतो, फक्त कड आत वळलेली असेल तर ती कापून सपाट करा, नाहीतर खाली हवा अडकून राफ्ट वाकडा तरंगतो.

थर्माकोलपेक्षा वरची पायरी एक्सपीएसची. हाही पॉलिस्टायरीनच, पण मण्यांचा नसून एकसंध दाबून काढलेला. निळ्या किंवा गुलाबी रंगाच्या शीट, साधारण १२५० × ६०० मिमी मापाच्या, गच्चीच्या उष्णतारोधनाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. घनता ३० ते ३५. मोडला तर मणी सुटत नाहीत, मुळं आत शिरत नाहीत, पाणी फारच कमी शोषतो, आणि घासून धुता येतो. अडचण एकच की हा मुळातच बांधकामाचा माल असल्यामुळे त्यात बहुधा आगरोधक असतंच. नव्या मालात आता मोठ्या रेणूंचं, प्लॅस्टिकमधून सहजी न सुटणारं पॉलिमरिक आगरोधक वापरतात आणि ते बरंच निर्धोक आहे. विक्रेत्याकडून उत्पादकाचं तांत्रिक पत्रक मागा आणि त्यात ‘एचबीसीडी-मुक्त’ लिहिलेलं आहे का बघा. पत्रक मिळत नसेल तर टाईप एन थर्माकोल घ्या. माझा कल तरी असाच आहे: कागद असलेला एक्सपीएस पहिला, वजनात खरा उतरलेला टाईप एन थर्माकोल दुसरा, आणि बिनकागदाचा एक्सपीएस नको.

आता सनबोर्ड. इथे नावाचा घोळ मोठा आहे आणि तो समजून घेतला तर पैसे वाचतील. साइनबोर्डवाल्यांकडे ‘सनबोर्ड’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम बोर्ड. ‘सनपॅक’ म्हणून मिळते ती पॉलिप्रॉपिलीनची पोकळ नळ्यांची शीट, निवडणुकीत खांबांना बांधलेल्या फलकांची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही हलक्या, दोन्ही एकाच दुकानात. सनपॅक चालते. सनबोर्ड नको. पीव्हीसीला उष्णतेत टिकवण्यासाठी स्टॅबिलायझर घालावा लागतो आणि तो वर्षानुवर्षं शिशाचा असायचा. पाइप आणि फिटिंगमधल्या शिशासाठी केंद्राने २०२१ साली स्वतंत्र नियम केले. जाहिरातीचा फलक हा पिण्याच्या पाण्याचा माल नाही, त्यामुळे त्यात काय घातलंय याची हमी कोणी देत नाही. ओळख सोपी आहे: सनपॅकच्या कापलेल्या कडेला चौकोनी नळ्यांची रांग दिसते, सनबोर्ड आतून भरीव फेसासारखा असतो. पाण्यात टाकून तपासू नका. भरीव पीव्हीसी बुडतो, पण फोम केलेला तरंगतो आणि फसवतो. सनपॅकही कोरीच घ्या, छापील विनाइल चिकटवलेली नको.

मरीन प्लायवर फार वेळ घालवायला नको. नाव ऐकून वाटतं पाण्यासाठीच आहे. पण आयएस ७१० चा मरीन प्लाय वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून परिरक्षक द्रव्यात मुरवलेला असतो आणि त्यात तांब्याची संयुगं असतात. तांबं म्हणजे शेवाळं, गोगलगाय आणि मासे तिन्हींचा शत्रू. प्रक्रिया केलेल्या बांबूचं तसंच: बोरॅक्स-बोरिक आम्लात मुरवलेला असेल तर बोरॉन पाण्यात उतरतो आणि पानांच्या कडा जळतात. कोरा बांबू विषारी नाही, पण काही महिन्यांत कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो.

धातूंबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे आपल्या पाण्याचा संबंध येतो. ठाण्याला भातसा नदीचं आणि नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं. हे सह्याद्रीतलं पावसाचं पाणी, म्हणून मृदू. त्यात आम्लता पचवणारे क्षार कमी. ॲक्वापोनिक्समध्ये जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा प्रत्येक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम क्षारता खर्च होते. मृदू पाण्यात हा साठा लवकर संपतो आणि पीएच ७ वरून ६ कडे घसरतो. आम्लधर्मी, मृदू पाण्यात जस्त आणि तांबं दोन्ही जास्त विरघळतात आणि माशांना जास्त बाधतात. म्हणून राफ्ट बांधायला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) तार, जीआय स्क्रू, पितळी नोझल, तांब्याची तार यातलं काहीही नको. गावाकडच्या विहिरीच्या जड पाण्यात एखाद्याचं जीआयवर निभावलं असेल, इथे निभणार नाही. नायलॉनचे टाय किंवा स्टेनलेस स्टीलचे (एसएस ३०४) बोल्ट वापरा. पीएच धरून ठेवायला खाडीतल्या शिंपल्या स्वच्छ धुऊन जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवल्या तरी पुरतात.

रंग आणि चिकटवण्याबद्दल नियम एवढाच: टाळता आलं तर टाळा. उन्हाने पॉलिस्टायरीन पिवळं पडतं आणि वरचा थर पिठासारखा सुटतो, म्हणून झाकायला हवं हे तुमचं बरोबर आहे. पण त्यासाठी रंगापेक्षा वरून पांढऱ्या सनपॅकचं पांघरूण बरं. सिंथेटिक इनॅमल, स्प्रे पेंट, थिनर असलेला कुठलाही गोंद थर्माकोलला विरघळवतो. फटी बुजवायला सिलिकॉन लागलाच तर मत्स्यालयाचा घ्या. बाथरूमसाठीच्या ‘बुरशीरोधक’ सिलिकॉनमध्ये भिंतीच्या रंगासारखंच बुरशीनाशक असतं. मत्स्यालयाच्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरचा वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत, पावसाळी हवेत आठवडाभर धरा, तो पाण्यात घालू नका.

आता तुमच्या टाकीसाठी बांधणी. टाकी १८० × ६० सेंमी. ५० मिमी एक्सपीएसच्या दोन शीट आणा आणि त्यातून ५९ × ५९ सेंमीचे तीन तुकडे कापा. एका शीटमधून दोन निघतात. आडव्या बाजूला सगळं मिळून १ सेंमी आणि लांबीला ३ सेंमी मोकळीक राहते, त्यात हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या एअर स्टोनची नळी जाते. कापायला नवीन ब्लेडचा लांब कटर, लोखंडी पट्टीला धरून, तीन-चार हलक्या फेऱ्यांत. गरम तारेने कापणार असाल तर उघड्या गच्चीवरच, कारण तापलेल्या पॉलिस्टायरीनचा धूर फुप्फुसाला वाईट.

प्रत्येक तुकड्यावर ३ × ३ अशी नऊ भोकं, केंद्रांत १९ ते २० सेंमी अंतर. हे लेट्यूस आणि पाकचोयला बरोबर बसतं. पालक आणि कोथिंबिरीसाठी एक तुकडा वेगळा ठेवून १२ सेंमी अंतर चालेल. भोकाचं माप कपाच्या नावावरून घेऊ नका. ‘दोन इंची’ नेट कप वेगवेगळ्या मापांचे येतात. कपाच्या ओठाच्या लगेच खालचा व्यास मोजा आणि त्यापेक्षा १ मिमी मोठा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) घ्या. ड्रिल उलटं फिरवलं की दात ओरबाडत नाहीत आणि भोक गुळगुळीत येतं. भुसा लगेच व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने गोळा करा. गच्चीवरून उडालेला फोमचा कण पावसाच्या पहिल्या सरीत नाल्यात आणि तिथून ठाणे खाडीत जातो, जी २०२२ पासून रामसर स्थळ आहे.

एक गणित आधी करून ठेवा, कारण इथे बहुतेक नवीन राफ्ट फसतात. ५९ × ५९ × ५ सेंमी तुकड्याचं घनफळ सुमारे १७.४ लिटर आणि स्वतःचं वजन साधारण ५५० ग्रॅम. रिकामा राफ्ट पाण्यात जेमतेम दीड मिलिमीटर बुडतो. नऊ कप, प्रत्येकी ३०० ग्रॅम वाढलेल्या झाडासकट धरले तर साधारण ९ मिमी. म्हणजे राफ्ट बुडण्याची भीती नाही, भीती उलटी आहे: कप ५० मिमी खोल असेल तर रोप लावल्याच्या पहिल्या आठवड्यात कपाचा तळ पाण्याला जेमतेम टेकतो, वारा आला की तेवढाही सुटतो, आणि कोवळं रोप पाण्यावर असूनही वाळतं. उपाय म्हणजे ६० मिमी खोल कप घेणं, किंवा कपाच्या तळातून सुती वातीचा तुकडा ३–४ सेंमी खाली सोडणं. मुळं ५ सेंमी उतरली की प्रश्न संपतो.

वरून ३ मिमी पांढऱ्या सनपॅकचा त्याच मापाचा तुकडा, त्याच जागी भोकं पाडून ठेवा. कपाचा ओठ त्याला दाबून धरतो, गोंद लागत नाही. सनपॅकच्या उघड्या नळ्यांत पाणी साचून डास होतात, म्हणून कडा गरम इस्त्रीची पट्टी टेकवून बंद करा, मध्ये बेकिंग पेपर धरून. सनपॅक आपल्या उन्हात वर्ष-दीड वर्षात ठिसूळ होते. बोटाने दाबल्यावर कडकड वाजली की बदला. खालच्या राफ्टला हात लावायची गरज पडत नाही हाच या पांघरुणाचा फायदा. मधल्या फोममुळे पाणीही कमी तापतं, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण ३० अंशाच्या पाण्यात पूर्ण भरलेला प्राणवायूसुद्धा लिटरला ७.५ मिग्रॅच्या आसपासच मावतो. मे महिन्यात नुसत्या पातळ प्लॅस्टिकच्या राफ्टखाली मुळं तपकिरी का होतात त्याचं हेच कारण.

आणि कोई परत माशांच्या टाकीत पाठवा. राफ्टखाली फक्त मुळं हवीत. डासांच्या अळ्यांसाठी तिथे सात-आठ गप्पी सोडा, ते फोमला त्रास देत नाहीत. मोकळ्या फटीत डेंग्यूचा डास आरामात अंडी घालतो, त्यामुळे गप्पी ही शोभेची गोष्ट समजू नका.

ज्यांच्याकडे एकच टाकी आहे आणि मासे खाली असणारच, त्यांनी फोमचा नाद सोडावा आणि पाइपचा तराफा करावा. पिण्याच्या पाण्यासाठीचा, आयएस ४९८५ छाप असलेला आणि शिसेमुक्त लिहिलेला ७५ मिमी पीव्हीसी पाइप घ्या. १ मीटर × अर्धा मीटर चौकटीला ३ मीटर पाइप आणि चार एल्बो लागतात. मीटरभर पाइप सुमारे ४.४ लिटर पाणी बाजूला सारतो, स्वतःचं वजन वजा जाता साधारण साडेतीन किलो उचलतो, म्हणजे पूर्ण चौकट १० किलोच्या आसपास. वर ५ मिमी एचडीपीईची (कडक पॉलिथिलीनची) शीट, कटिंग बोर्डच्या मालाची, आणि झाडांसह ती सहज पेलते. खाली १० मिमी भोकांची नवी नायलॉन जाळी १५ सेंमी खोल पिशवीसारखी लटकवा, नाहीतर मासे मुळं खाऊन टाकतात. सॉल्व्हेंट सिमेंट लावल्यावर तीन दिवस वाळवा, मग हवा कुठे गळते का ते बादलीत दाबून बघा. एक जोड कच्चा राहिला तर महिन्याभरात एक कोपरा खाली जातो. घाईत असाल तर बूच घट्ट लावलेल्या, पाण्याच्या रिकाम्या एक लिटर बाटल्या, प्रत्येकी जवळजवळ १ किलो उचलणाऱ्या, तात्पुरत्या चालतात. उन्हात त्या वर्षभरात तडकतात.

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, तुर्भे–महापे–रबाळे भागात, निळे वापरलेले ड्रम स्वस्त मिळतात आणि लोक ते उभे कापून टाकी आणि त्याचं झाकण राफ्ट म्हणून वापरतात. एचडीपीई उत्तमच, पण तो सेंद्रिय द्रव्यं भिंतीत शोषून घेतो आणि नंतर महिनोन् महिने सोडतो. धुऊन ते जात नाही. मूळ लेबल शाबूत असेल आणि त्यावर खाद्यतेल, ग्लुकोज सिरप किंवा फळांचा रस असेल तरच घ्या. ‘साबणाचा होता’ हे उत्तर पुरेसं नाही.

कुठल्याही नव्या सामानाची घरी एक चाचणी करता येते. सामानाचा तळहाताएवढा तुकडा छोटे भाग करून एक लिटर क्लोरीन काढलेल्या पाण्यात, काचेच्या बरणीत सात दिवस उन्हात ठेवा. शेजारी नुसत्या पाण्याची दुसरी बरणी. सात दिवसांनी वास घ्या, पाण्यावर तवंग आहे का बघा. मग दोन ताटल्यांत टिश्यू पेपरवर प्रत्येकी वीस-वीस मोहरीचे दाणे, एकीला एक पाणी, दुसरीला दुसरं. पाचव्या दिवशी मुळांची लांबी मोजा. तुकड्याच्या पाण्यातली मुळं निम्मी किंवा तपकिरी टोकाची असतील तर ते सामान नको. ही चाचणी रंग, सॉल्व्हेंट आणि तणनाशक पकडते. जस्त-तांब्याला मोहरी माशांइतकी हळवी नाही, त्यामुळे धातूच्या बाबतीत पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका.

वजनाचंही बघा, कारण प्रश्नात गच्ची आहे. ९ इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला सुमारे २३० किलो, टाकीचं वजन वेगळं. आयएस ८७५ मध्ये जाण्यायेण्याच्या गच्चीसाठी धरलेला भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो आहे. ५०० लिटरची टाकी तर थोड्याशा जागेवरच उभी असते. टाक्या बीमवर किंवा भिंतीलगत घ्या, राफ्टच्या टाकीत पाणी १५ सेंमीवर आणा (लेट्यूसला ते पुरतं), आणि सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा जागा दाखवा. पावसाळ्यात टाकीला ओव्हरफ्लो हवाच, आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी.

राहिलं आत्ताच्या पाण्याचं. रंगवलेला राफ्ट काढल्यावर दोन्ही टाक्यांचं मिळून ७५० लिटर पाणी आहे. रोज ३०%, म्हणजे सव्वादोनशे लिटर काढून तेवढंच नवं भरा. पाच दिवसांत जुन्या पाण्याचा अंश १७ टक्क्यांवर येतो. एकदम सगळं बदललं तर माशांना पीएच आणि तापमानाचा धक्का बसतो. नव्या पाण्यात आधी २ ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवा, नाहीतर नळाचं क्लोरीन फिल्टरमधले जिवाणू मारेल. फिल्टरच्या प्रवाहात पाऊण किलो ॲक्टिव्हेटेड कार्बन जाळीच्या पिशवीत ठेवा आणि तीन आठवड्यांनी फेकून द्या. बायोफिल्टर, म्हणजे हे जिवाणू राहतात तो फिल्टर, धुऊ नका. या पाच दिवसांत खाद्य निम्मं करा, आणि अमोनिया रोज मोजा, कारण रंगातल्या द्रव्याने जिवाणूंचं नुकसान झालं असेल तर ते इथेच दिसेल. अमोनिया वाढला तर खाद्य पूर्ण थांबवा.

मोहरीची चाचणी व्हायला बारा दिवस लागतात, तोवर नवीन रोपं कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढवा. चाचणी पास झाली की नवा राफ्ट साध्या पाण्याने धुऊन टाकीत सोडा. त्यानंतर दर आठवड्याला पंपाचा स्पंज काळ्या फडक्यावर पिळून बघा. त्यावर पांढरे किंवा निळे कण दिसले तर राफ्टची कड कुठेतरी घासते आहे किंवा कोणी टोचतंय. ती बाजू शोधून दोन मिलिमीटर कापून टाका.